डावीकडचा स्क्रू

"तुमच्याकडे अडीचची ॲलन की आहे का?"

कॅप्टनच्या टीममधला चष्मेवाला ताईच्या टेबलापाशी उभा होता. रोबोटच्या स्पर्धेत एक पद्धत असते. समोरची टीम कितीही डोक्यात जात असली तरी हत्यार मागितलं की द्यायचं. ताईनं स्क्रू आवळायची ती की काढून त्याच्या हातावर ठेवली.

"परत आणून दे," ती म्हणाली. "तुमच्याकडे गेलेली वस्तू परत येत नाही, असा माझा अनुभव आहे."

तो कसनुसं हसला आणि गेला.

अनुभव खराच होता. गेल्या वर्षी ताई त्याच कॉलेजात, त्याच कॅप्टनच्या टीममध्ये होती. चाकं फिरवणारा गिअरबॉक्स तिनं कागदावर काढला, कापला, जुळवला. सुट्टीचे दोन महिने त्यात घातले. डावीकडचा गिअर शाफ्टला धरून ठेवणारा इवलासा स्क्रू सारखा सैल व्हायचा आणि तो आवळायला अर्धा रोबोट खोलावा लागायचा. म्हणून बाजूच्या पत्र्याला नेमक्या जागी भोक पाडायची युक्तीही तिचीच. बाहेरूनच की घालायची, आवळायचं, झालं. परीक्षकांना ते भोक फार आवडलं. उत्कृष्ट रचनेचं प्रमाणपत्र मिळालं ते कॅप्टनच्या नावानं. तो स्टेजवर गेला, हसला, फोटो काढून घेतला. ताईचं नाव त्याच्या तोंडातून चुकूनही निघालं नाही.

"जाऊ दे गं, सोडून दे," आई म्हणाली होती. ताईनं कॉलेज सोडलं. ते मात्र सोडलं नाही.

नव्या कॉलेजात तिला एक खोली मिळाली, एक म्हातारं लेथ मशीन मिळालं आणि तिला ताई म्हणणारे सात जण मिळाले. प्राचार्य स्पष्ट बोलले होते, "यंदा कप आणा. नाहीतर ती खोली मला उत्तरपत्रिका ठेवायला हवीय." त्या दिवसापासून सातही जण घरी फक्त झोपायला जात होते.

आज सकाळच्या फेऱ्या संपल्या तेव्हा कॅप्टनची टीम पहिली होती, निळ्या टीशर्टवाले दुसरे आणि ताईची टीम तिसरी. फायनल या पहिल्या दोघांत. पण प्रत्येकानं खालच्यांतून एक जोडीदार घ्यायचा आणि दोन विरुद्ध दोन असं खेळायचं. कप जिंकणाऱ्या दोघांनाही. निवडायचा मान आधी पहिल्याचा, आणि ज्याला निवडलं त्यानं नाही म्हटलं तर तो स्पर्धेतूनच बाद.

कॅप्टन क्रेनवाल्यांना घेणार हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. त्यांच्या रोबोटचा हात सगळ्यात उंच. आणि निळ्या टीशर्टवाल्यांनी ताईला जोडीदार म्हणून घ्यायचा शब्द दिला होता.

जेवणाच्या सुट्टीत कॅप्टन स्वतः आला. "दोन मिनिटं बोलायचं होतं."

"की हवी होती, ती दिलीय."

"कीचं नाही गं."

"मग स्टेजवर बोल. तुला स्टेज आवडतं."

 तो "बरं" म्हणाला आणि निघून गेला. ताईनं त्याच्या पाठीकडे पाहिलंसुद्धा नाही.

दीड वाजला तरी की परत आली नाही. ताई तणतणत आणायला गेली. कॅप्टनच्या टेबलाशी कुणी नव्हतं, सगळे जेवायला गेले होते. की टेबलावर पडली होती. शेजारी रोबोट, डावी बाजू तिच्याकडे करून. आणि त्या बाजूला तिचं भोक.

दुसऱ्याच्या रोबोटला हात लावला तर अख्खी टीम बाद आणि कॉलेजला तीन वर्षं बंदी. हा नियम तिला पाठ होता. तिनं इकडेतिकडे पाहिलं. की भोकात बरोबर बसली, बसणारच. तिनं स्क्रू दीड आटा सैल केला. पहिलं मिनिटभर कुणाला काही कळणार नाही. मग दोनचार धक्के बसले की शाफ्ट फिरत राहील, चाक जागचं हलणार नाही, आणि रोबोट सगळ्यांसमोर स्वतःभोवती गिरक्या घेत बसेल.

की खिशात टाकून ती परत आली. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, वर्षभरात पहिल्यांदा इतकं बरं वाटलं. तिनं दोन घास जास्तच खाल्ले.

दोन वाजता पंचांनी सगळ्या टीम्सच्या रोबोटना सील लावलं. आता फायनल संपेपर्यंत कुणीही हात लावायचा नाही. मग निवड सुरू झाली. कॅप्टननं माइक घेतला. क्रेनवाले आधीच उठून टीशर्ट सारखे करत होते.

"आमचा गिअरबॉक्स माझा नाही," कॅप्टन म्हणाला. "गेल्या वर्षीही नव्हता. जिनं केला तिचं नाव मी घेतलं नाही, आणि वर्षभर मला माझीच लाज वाटतेय. आज सांगायला गेलो तर ती म्हणाली, स्टेजवर बोल."

हॉलमध्ये हशा पिकला. ताई हसली नाही.

"ते प्रमाणपत्र मी आयोजकांकडून तिच्या नावानं करून आणलंय. आणि जोडीदार म्हणून आम्ही तिचीच टीम घेतोय."

सातही जणांनी एकच कल्ला केला. कुणी तिला मिठी मारली, कुणी ढकलत ढकलत स्टेजकडे नेलं. एक मुलगी तर रडायलाच लागली, "ताई, खोली राहिली आपली." पायऱ्या चढताना खिशातली की तिच्या मांडीला टोचत होती.

कॅप्टननं प्रमाणपत्र तिच्या हातात दिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडलेला बघून तो जवळ वाकला.

"अगं, घाबरतेस काय? डावीकडचा स्क्रू आधी बघायचा, हे तूच शिकवलंस ना? जेवायला जायच्या आधीच तुझ्याच कीनं आवळलाय मी, अगदी घट्ट."