डाव्या काठाचं पाणी

"काका, जरा काठाला घ्या," तो म्हणाला आणि नावाड्याने होडी डावीकडे वळवली.

तिथे मोठ्या पाइपातून वस्तीचं सांडपाणी शुद्ध करून नदीत सोडत. शुद्ध म्हणजे आपलं म्हणायचं. ते नदीत कुठवर जाऊन मिसळतं आणि तोवर नदीचं काय होतं, हे तपासणं त्याचं काम. पाइपातलं पाणी लगेच मिसळत नाही. परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखं ते काठ धरून राहतं. पार पुलापर्यंत दोन पाणी शेजारी शेजारी वाहतात, एकमेकांची ओळख न दाखवता.

पुलापाशी, मधे आणि पाइपाशी त्याने बाटल्या भरल्या. पाण्याचं तापमान पाहिलं, प्राणवायू मोजला. मग पाइपाच्या तोंडाशी एक जास्तीची बाटली भरून वेगळ्या पिशवीत ठेवली.

"लेकीची?" नावाड्याने विचारलं.

"हो."

"एक कळत नाही साहेब. एवढ्याशा गोळीचा इथं पत्ता लागतो कसा?"

"गोळी पोटात गेली की थोडी मोडून तिचं दुसरंच रसायन होतं, थोडी अख्खीच बाहेर पडते. दोन्ही इथवर येतात, मधे कुठे गाळली जात नाहीत. मशीनला कणभरही पुरतं."

"मशीनला कण दिसतो, आणि माझ्या जाळ्याला या काठाला मासा दिसत नाही," नावाडी हसला. "पण बरं आहे. पोरगी गोळी घेतेय म्हणजे खुशाल असणार."

त्याने झाकण घट्ट केलं. "चला," म्हणाला.

मुलीला लहानपणापासून फिट येत. तिची गोळी इतकी दुर्मीळ, की औषधाचा दुकानदार साऱ्या वस्तीत तिच्या एकटीसाठी ती मागवायचा. तिला दुसरीकडे नोकरी लागली तेव्हा बाप नको म्हणाला. तिकडे फिट आली तर कोण धावणार? शब्दाला शब्द वाढला आणि तो बोलून गेला, "जायचं तर जा, पण मग या घराची पायरी चढू नकोस." पोरगी बापाच्या वळणावर गेलेली. तिने बॅग भरली. त्यानंतर तिचा फोन लागला नाही. नोकरीच्या जागी चौकशी केली तर तिथूनही ती निघून गेली होती.

घरात तिचं नाव निघेना, आणि दुसरा विषयही निघेना. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. ताट समोर आलं तसं परत जायचं. कुणी म्हणालं होतं, तिला वस्तीत पाहिल्यासारखं वाटलं. तेवढ्यावर त्याने जास्तीची बाटली भरायला सुरुवात केली. दर आठवड्याला नमुना घ्यायचा, दुसऱ्या दिवशी मशीनला लावायचा आणि संध्याकाळी घरी येऊन सांगायचं, "नाही."

बायकोला ते बघवेना. माणसाच्या शब्दावर त्याचा विश्वास नव्हता, मशीनवर होता. कपाटात मुलीच्या गोळ्या तशाच पडून होत्या. एका सकाळी तो आंघोळीला गेल्यावर तिने एक गोळी वाटीत घेतली, चमच्याच्या पाठीने चुरली, पाण्यात कालवली आणि मोरीत ओतली.

त्या आठवड्यात तो घरी आला आणि म्हणाला, "आहे." मग जेवायला बसला आणि भात मागून घेतला.

तेव्हापासून हेच चाललं होतं. नवरा नदीसाठी जिवाचं रान करतो आणि बायको त्याच नदीत औषध ओतते, हे मनात आलं की तिला हसू यायचं आणि लगेच रडू यायचं. गंमत म्हणजे खोटं तिचं स्वतःचं, तरी "आहे" ऐकलं की तिचाच जीव भांड्यात पडायचा. त्या दिवशी ती मुलीच्या खोलीतली चादर बदलायची. लेक खरंच कुठेतरी जवळ आहे असं संध्याकाळभर तरी वाटायचं. गोळ्या संपत आल्या की जुनी चिठ्ठी दाखवून ती नवं पाकीट आणायची.

या खेपेला दुकानदाराने मान हलवली. "ही चिठ्ठी फार जुनी झाली, वहिनी. नवी आणा. आणि डॉक्टर पेशंटला बघितल्याशिवाय देणार नाहीत."

पेशंट कुठून आणायचा? ती रिकाम्या हाताने परतली. आठवडाभर मोरीत नुसतं पाणी गेलं.

आज निकालाचा दिवस. दुपारपासून तिचं कशात लक्ष नव्हतं. तो "नाही" म्हणेल, पुन्हा भिंतीकडे वळेल. आपणच सांगून टाकावं का? सांगितलं तर आधीचं सगळं "आहे" सुद्धा पुसलं जाईल. पोळी तव्यावर करपली तेव्हा तिला दाराची कडी ऐकू आली.

तो आत आला. बूट काढायचं विसरून तो तसाच स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला धरून उभा राहिला.

"आहे," तो म्हणाला.

तिने गॅस बंद केला. "काय आहे?"

"गोळी. कालच्या पाण्यात."

"नीट बघितलंत?"

"दोनदा मशीनला लावलं."

"अहो, पण आज कशी असेल!" ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

तो तिच्याकडे बघत राहिला. रागावला नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते.

"अगं," तो म्हणाला, "इतके दिवस नुसती अख्खी यायची, तू मोरीत ओतायचीस ती. आज पोटात मोडलेली आलीये."