त्र्याऐंशी दिवसांचा ठिपका

समजा, तुमच्यासमोर अंगणात एक छोटी दुर्बीण आहे. तिला डोळा लावायचा नाही, कधीच नाही. सूर्य डोळा जाळतो. नळीच्या मागे पांढरा कागद ठेवायचा. कागदावर बशीएवढा सूर्य पडतो आणि काळे ठिपके दिसतात. दिसेल तो प्रत्येक ठिपका पेन्सिलीने काढायचा. मग सूर्यावर डाग किती, ते मोजून सांगायचं. आता समजा, कागदावर ठिपके चार आहेत आणि वहीत आकडा आहे तीन. आदल्या दिवशी ठिपके तीन, आकडा दोन. असे त्र्याऐंशी दिवस. तुम्ही काय केलं असतं?

रेश्माने खोडरबर हातात घेतलं होतं.

२००७ चा मे महिना होता. तिची आठवीची परीक्षा संपली होती. तिला विज्ञान शिकवणाऱ्या अनिता बाई किन्हवलीहून मुद्दाम पाड्यावर आल्या होत्या. सूर्यावरच्या डागांच्या नोंदी जगभरातून गोळा करून सगळ्यांसाठी खुल्या ठेवणारं एक भांडार होतं. त्याला सोमवारी शहापूरच्या इंटरनेटच्या दुकानातून तक्ता पाठवायचा होता. तारीख, वेळ, डाग, शेरा. वेळ जागतिक, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून लिहायची. निदान एकशेवीस दिवस भरायला हवेत. चित्र आणि आकडा जुळत नसेल तर कारण शेऱ्यात लिहायचं. कारण नसलं तर ते दिवस बाद.

रेश्माचे दिवस होते अठ्ठावन्न, सगळे रविवार आणि सुट्ट्या. उरलेले त्र्याऐंशी दिवस शाळेचे, अकरा वाजता ती वर्गात असायची. तेव्हा कागदावर सूर्य पाडायचे तिचे आजोबा, नवसू. त्यांना लिहिता येत नव्हतं. ते ठिपके काढून ठेवत आणि ती घरी आली की आकडा सांगत. ती तो वहीत लिहायची. पडताळायचं तिच्या मनातही आलं नाही. नवसू गावाचे मापारी होते. खळ्यावर भाताची रास पडली की माप घालायला लोक त्यांनाच बोलवत, आणि त्यांच्यामागे दुसरं कुणी मोजत नसे.

कारण रेश्माला माहीत होतं. ते तिने बाईंना हळू आवाजात सांगितलं. खळ्यावर पहिलं माप देवाचं. ते बाजूला ठेवायचं, मोजायचं नाही. आजोबांनी सूर्याच्या डागांनाही तीच रीत लावली. आपण सगळीकडे एक वाढवू, म्हणजे झालं.

बाईंना हसू आलं. पण तंबाखू मागायला आलेल्या शेजारच्या बारकूनेही ते ऐकलं होतं.

"काय नवसूदादा, सूर्यातनंपण देवाचं माप काढलंस? आन् ठेवलंस कुठं, कणगीत?"

रेश्माची मान खाली गेली. हे दिवस बाद झाले तर तक्ता जाणार नव्हता. त्याहून वाईट म्हणजे बारकू आता हे गावभर सांगणार होता. पुढच्या सुगीला कुणीतरी म्हणणार होतं, नवसूंचं माप पुन्हा एकदा मोजून बघा. ती पटकन वहीवर वाकली. पण बाईंनी तिच्या हातातलं खोडरबर काढून घेतलं. आकडा ज्याने सांगितला त्याला विचारल्याशिवाय बदलायचा नाही, असं त्या म्हणाल्या.

अंगणातच बसलेले नवसू उठले. दुर्बीण उन्हात ओढली आणि स्टुलावर कागद ठेवून त्यावर सूर्य पाडला. सूर्यावर दोन ठिपके होते. कशालाच हात न लावता नुसतं बघा, एवढंच ते म्हणाले.

पृथ्वी फिरते, त्यामुळे कागदावरचा सूर्य हळूहळू सरकू लागला. त्याच्याबरोबर एक ठिपका सरकला. दुसरा जागच्या जागी राहिला. सूर्याची कड त्याच्यापर्यंत येऊन पोचली, तरी तो हलला नाही.

"तो सूर्यावरचा नाय गो," नवसू म्हणाले. "भिंगाला कायतरी चिकटलंय. मापाला चिकटलेलं भात आमी मोजत नाय. दिसल ते काढा, सूर्यावरचं मोजा, आसं तूच सांगितलेलं."

"मग मला बोललात का नाय?"

"मला वाटलं, तुला ठावं आसंल. शिकतेस तू."

बाईंनी पाच-सहा कागद एकावर एक ठेवून उन्हात धरले. तो ठिपका सगळ्यांवर जवळजवळ एकाच जागी होता. त्यात रेश्माचे कागदही होते. तिने तो रोज मोजला होता. बारकू तंबाखू मळत घराकडे गेला.

आता अठ्ठावन्न आकड्यांमधून गुपचूप एकेक कमी करता आला असता. दूरदेशी कुणाला काय कळणार होतं? बाईंनी खोडरबर तिच्यासमोर ठेवलं. रेश्माने आपला एकही आकडा बदलला नाही. प्रत्येकापुढे शेऱ्यात तिने लिहिलं: भिंगावरचा कण डाग समजून मोजला, एक वजा करावा. आजोबांच्या दिवसांपुढे लिहिलं: आकडा बरोबर, एक ठिपका भिंगावरचा. तिच्या दिवसांपैकी बारा दिवस त्यामुळे शून्यावर आले. त्या बाराही दिवशी सूर्य स्वच्छ होता आणि ती डाग दिसला म्हणून आनंदात होती.

सोमवारी तक्ता गेला.

मंगळवारी अकरा वाजता तिने कागदावर सूर्य पाडला. भिंग आता पुसलेलं होतं. एकच ठिपका दिसत होता. तिने पेन्सिल उचलली नाही. हात मांडीवर ठेवून ती सूर्य सरकायची वाट बघत बसली.