दंड

सकाळचा चहा होताच थोरल्याने टेबलावर रक्तदाबाचे यंत्र मांडले आणि धाकट्याला फोन लावून स्पीकर चालू केला. आईने स्वतःच्या पगारातून उभारलेल्या या घरात आता तीच नकोशी झाली होती. तिची पिशवी कालच भरून दाराशी ठेवलेली होती.

“हिचं बीपी माझ्याकडे रोज दीडशेच्या वर असतं. तुझ्याकडे उतरतं ना? मग आजच घेऊन जा.”

“दर वेळी माझ्याच गळ्यात? वहिनीची जीभ आवर, तिथंही उतरेल!”

“तोंड सांभाळ. थांब, आत्ताच मोजून दाखवतो. आई, दंड पुढे कर.”

दवाखान्यातल्या नर्सने परवाच आईला बजावले होते, “आजी, डाव्या दंडावर तुमचा आकडा वीसने कमी येतो. खरा धरायचा तो उजव्याचा.” थोरला पट्टा नेहमी उजव्या दंडाला बांधत असे आणि धाकटा डाव्या.



आईने डाव्या हाताची बाही वर सारली, आणि यंत्रावर उमटलेले एकशे तीस थोरल्याने वाचल्यावर धाकटा फोनवर हसत असतानाच तिने पिशवी उचलून आपल्या खोलीत नेऊन रिकामी केली.