बाईच्या ओळी

“आई, या वेळी गाळ्याच्या दारातून परत फिरू नकोस. आत ये, दहा मिनिटं उभी राहा. मग काय म्हणायचं ते म्हण.”

सकाळी निघताना अनय म्हणाला होता, आणि पद्मजाने “येते रे, नक्की” असा शब्द दिला होता. साकीनाक्याच्या त्या गाळ्यातली यंत्रं रविवारी बंद असतात. ती भिंतीला सारून पोरं तिथे आपलं संगीत वाजवतात. ना शब्द, ना कडवं. नुसता ठेका, आणि त्यावर तासन् तास नाचणं. पुढच्या आठवड्यात गाळा पाडणार होते. आज सहा ते सात अनय तिथे शेवटचा वाजवणार होता.

आणि पावणेसहाला पद्मजा घाटकोपरच्या हॉलमध्ये माईक धरून उभी होती.

कराओके मंडळात चिठ्ठीवर गाणं आणि गाणाऱ्याचं नाव लिहून डब्यात टाकायचं असतं. तिच्या नवऱ्याने, राजेशने, सगळ्या चिठ्ठ्या द्वंद्वगीतांच्या टाकल्या होत्या. तिला न विचारता. तीन झाली, चार उरली.

“अहो, मी आता निघते.”

“मग मी काय भिंतीबरोबर गाऊ?”

सगळे हसले. मधल्या वेळात मंडळातल्याच शर्मिष्ठाच्या सुनेने, सईने, यंदाचं गाजलेलं गाणं म्हटलं. राजेशने त्यालाही टाळ्या वाजवल्या.

“नवीन असलं तरी याला शब्द आहेत ना. आमचे चिरंजीव नुसतं धबधब. गिरणीतल्या त्या आवाजाने माझ्या बाबांचे कान गेले, आणि हा हौसेने तोच लावतो.”

“वहिनी, पोरगं काय पळून जातंय?” शर्मिष्ठा म्हणाली. “तुमच्याशिवाय भाऊजींचा सूर लागत नाही बघा.”

उभ्या आयुष्यात पद्मजाची एक एकादशी चुकली नव्हती. अनयला दिलेला शब्द मात्र दोनदा मोडला होता, आणि दोन्ही वेळा तो “चालतंय गं” एवढंच म्हणाला होता.

पुढची चिठ्ठी निघाली. पुन्हा दोघांचीच. वाद्यं सुरू झाली. पहिलं कडवं पुरुषाचं. राजेशने नेहमीसारखे डोळे मिटून सुरुवात केली. पद्मजाने माईक आवाज न होऊ देता खुर्चीवर ठेवला, पर्स उचलली आणि भिंतीच्या कडेकडेने दाराबाहेर आली.

चपलांच्या ढिगात तिला एकच चप्पल सापडली. दुसरीसाठी वाकली तेवढ्यात आत तिच्या ओळी आल्या. गाणारं कुणी नव्हतं. नुसती वाद्यं वाजत राहिली.

ती तशीच वाकून राहिली. ओळी संपल्या. पुढची ओळ राजेशने उचलली, जराशी हळू.

पद्मजाने दुसरी चप्पल पायात सरकवली आणि मेट्रोच्या जिन्याकडे चालू लागली.