सोड्यांची पिशवी

"शी! मढं घेऊन चाललोय का रे आपण?" मंद्या गाडीच्या मागच्या सीटवरून ओरडला. दोन दिवस सुरमईवर आडवा हात मारणाऱ्या, काटे चोखून टेबलाखाली टाकणाऱ्या मंद्याला परतीच्या वाटेवर सोड्यांचा, म्हणजे सोलून वाळवलेल्या कोळंबीचा वास सहन होईना. आम्हीही नाकाला रुमाल लावले.

सोडे शार्दूलने सकाळी बंदरावर घेतले होते. गाडी त्याचीच, दोन्ही दिवस चालवलीही त्यानेच. "आजारपणात आईच्या तोंडाला चव नाही रे," एवढंच म्हणून त्याने काचा खाली केल्या.

घाटात चहाला थांबलो. शार्दूलला टेबलावरच डोळा लागला. डिकी मंद्याने उघडली; पिशवी दरीत भिरकावली ती मी. सगळे खिदळले. निर्लज्जासारखा मीही.

संध्याकाळी त्याने एकेकाला दारापर्यंत सोडलं. शेवटी मी. माझी बॅग काढून दिल्यावरही तो डिकीत शोधत राहिला, सीटखाली वाकून बघितलं. माझ्या बोटांना अजून तो वास होता. मी हात खिशात कोंबला.

"डिकी नीट लावली नाही वाटतं मी, वाटेत पडली पिशवी," तो ओशाळून म्हणाला. "अर्धे तुझ्या आईसाठी घेतले होते रे. सॉरी."