द्वारकाबाईंचा होकार

पलंगावर उठून बसल्या तरी द्वारकाबाईंना श्वास पुरत नव्हता. ओठ निळे पडले होते. अॅम्ब्युलन्समधून आलेल्या डॉक्टर तेजलने त्यांना ऑक्सिजनचा मास्क लावला आणि स्ट्रेचर आत मागवलं.

मुलगा मुरलीधर दारातच उभा राहिला. "ब्याऐंशीची झालीय आई. आता कशाला हाल करायचे? घरीच शांतपणे जाऊ द्या तिला."

तेजल उत्तर देणार, तोच द्वारकाबाईंनी मास्क खाली ओढला. "डॉक्टर... त्याला नाही. मला विचारा."

"आजी, येता दवाखान्यात?"

"येते." मास्क स्वतःच पुन्हा लावून त्यांनी मुलाकडे रोखून पाहिलं. तो बाजूला झाला.

नवव्या दिवशी घरी सोडताना नर्सने कागद मुरलीधरपुढे धरला. द्वारकाबाईंनी हात पुढे केला.

"पेन इकडे द्या. सही मी करते."