भिंतीपलीकडची शिलाई

डॉलर वधारला की आमच्या थोरल्या जाऊबाईंची मान ताठ व्हायची. त्यांचे शर्ट परदेशी जायचे आणि आमची बटणं परदेशातून यायची, त्यामुळे त्यांच्या घरी हशा पिकला की आमच्याकडे तोंडं पडलीच म्हणून समजा. वाटणी झाल्यापासून आमचं बोलणं बंद होतं. पण भिंतीपलीकडे त्यांची शिलाई मशिनं धडधडायला लागली, की इकडे माझ्या पोटात दुखायचं.

या महिन्यात डॉलर घसरला. जाऊबाईंचे शर्ट बाहेर महाग पडायला लागले, त्यांची मोठी ऑर्डर दुसऱ्याच देशाने पळवली आणि मशिनं बंद पडली. “बसा आता!” म्हणत मी स्वस्तात दुप्पट बटणं मागवली आणि आमच्या दलालाला फोन लावला, “भाऊ, गोदाम भरलंय. या, माल उचला.”

“उचलून देऊ कुणाला, वहिनी? इतकी वर्षं तुमची बटणं तुमच्या जाऊबाईच तर घेत होत्या.”

 

“मग मला कधी सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“मला बजावून ठेवलं होतं त्यांनी, ‘धाकटीला माझं नाव सांगू नका. कळलं तर उपाशी राहील, पण मला विकायची नाही.’”